ग्रॅमला सव्वीस गुंठे

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकेरी पापुद्रा. असे तीस लाख पापुद्रे एकावर एक रचले, की जाडी भरते एक मिलिमीटर. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण उलगडून दोन्ही बाजू मोजल्या तर पृष्ठभाग होतो २,६३० चौरस मीटर, म्हणजे २६ गुंठे. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या बीबीच्या शिवारात एकरभर रान झाकायला (तिथे एकच बाजू धरायची) हा माल जेमतेम ३ ग्रॅम लागेल.

मग आयनांना एवढी जागा देऊ शकणारा हा माल सोडियम बॅटरीत का भरत नाहीत? आधी बॅटरीचा हिशेब मांडू. ५ एचपीचा पंप ८ तास चालवायला ढोबळमानाने ३० युनिट वीज लागते. ती ३ व्होल्टच्या सोडियम-आयन सेलमध्ये साठवायची तर १०,००० अँपिअर-तास झाले, आणि तेवढ्यासाठी सव्वादोनशे कोटी परार्ध आयन इकडून तिकडे जायला हवेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावं तिथवरच दिली, एका रात्रीच्या ओलितालाही ती पुरत नाहीत! पण या सगळ्या आयनांचं वजन किती? साडेआठ किलो. सुमारे २२ किलो मिठात तेवढं सोडियम असतं. मला तर परार्धांपेक्षा हे २२ किलोच जास्त चक्रावून टाकतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सोडियम जवळपास ११ ग्रॅम, लिथियम मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. (लोणारचं पाणीही सोडियमनेच खारं आहे, पण ते सरोवर २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. त्याला हात लावायची गरजही नाही.)

घोडं अडतं ते या आयनांना जागा द्यायची वेळ आली की. याच पापुद्र्यांची चळत म्हणजे ग्राफाइट; ते लिथियमला ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास देतं. सोडियमला ३५ सुद्धा नाही. सोडियम जाडं म्हणून थरांत शिरत नाही, असं सर्रास सांगतात. ते अर्धवट आहे, कारण त्याहून जाडं पोटॅशियम त्याच थरांत खुशाल बसतं. सोडियमची कार्बनशी जवळीकच कमी. म्हणून थर सैल करून पाहिले गेले: २०१४ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांतलं अंतर ०.३३५ वरून ०.४३ नॅनोमीटरवर नेलं आणि २८४ पर्यंत मजल मारली.

मग थर पुरते सुटेच केले तर? इथे ते २६ गुंठे अंगाशी येतात. पहिल्या चार्जिंगला बॅटरीतलं द्रावण उघड्या पृष्ठभागावर विघटित होऊन साय धरतं आणि त्या सायीत सोडियम कायमचं अडकतं. जितकं रान उघडं, तितकी नासाडी. ग्राफीनच्या कित्येक प्रयोगांत पहिल्या फेरीला भरलेल्यातलं निम्मंही परत मिळत नाही.

म्हणून कारखान्यात वापरतात तो हार्ड कार्बन. त्यात ग्राफीनसारखेच पापुद्रे असतात, पण चुरगळून एकमेकांत गुंतलेले. उघडा पृष्ठभाग ग्रॅमला काही चौरस मीटर, बस्स. क्षमता साधारण ३००, म्हणजे आपल्या पंपाला ३३ किलो पुरे. हे सगळे पापुद्रे सोडवून एकेरी अंथरले तर सुमारे ४४ चौरस किलोमीटर भरतील; लोणारचं १.८३ किलोमीटर व्यासाचं विवर सोळा वेळा झाकूनही उरतील.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या साथीने आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान पुढे आणलं. कापूस पिकवणाऱ्या बुलढाण्याच्या कामाची गोष्ट मात्र बीजिंगची आहे. २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी चक्क कापूस १३०० अंशांवर तापवून कार्बनच्या पोकळ नळ्या केल्या, आणि त्यांनी ग्रॅमला ३१५ दिले. बॅटरीसाठी कापूस कोण जाळेल, हा प्रश्न आहेच. वेचणीनंतर उरणाऱ्या पऱ्हाटीतही सेल्युलोज असतं, पण सोबत राखेचा भागही येतो. तो आम्लाने धुऊन काढावा लागतो, आणि त्या धुलाईचा खर्च धरूनच किलोचा भाव ठरेल.