‘अलेक्झांडर पुश्किन’ ते ‘मार्को पोलो’ : एका जहाजाचें बदलतें आयुष्य



माणसाचें नांव एकदां ठेवलें कीं तें बहुधा जन्मभर टिकतें. जहाजाचें तसें नाहीं. मालक बदलला कीं त्याचें नांव बदलतें, ध्वज बदलतो, नोंदणीचें बंदर बदलतें, आणि पुष्कळदां धंदाही बदलतो. बदलत नाहीं तो फक्त त्याचा पोलादी सांगाडा. हा सांगाडा ज्या हेतूनें घडविला तो हेतुच पुढें नाहींसा झाला, तर त्या जहाजाचें काय होतें, हा आजचा विषय आहे. उदाहरणासाठीं सोव्हिएट संघाचें एक प्रवासी जहाज घेतलें आहे. जन्मकाळीं त्याचें नांव ‘अलेक्झांडर पुश्किन’. उत्तरायुष्यांत ‘मार्को पोलो’. सन 1965 पासून सन 2021 पर्यंत, म्हणजे सुमारें 55 वर्षें, तें जगलें, आणि त्याच्या देहाची अखेर आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर झाली.

प्रथम त्याचें कुलवृत्त पाहूं. हें जहाज सोव्हिएट सरकारनें बांधवून घेतलें खरें, परंतु रशियांत नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन भाग झाले आणि पूर्व जर्मनीतील गोद्यांकडे सोव्हिएट संघासाठीं जहाजें बांधण्याचें मोठें काम आलें. बाल्टिक समुद्राच्या कांठीं विस्मार म्हणून गांव आहे. तेथील माथियास थेसेन गोदीनें सन 1964 ते सन 1972 या अवधींत एकाच साच्याचीं पांच जहाजें तयार करून दिलीं. पांचांनाही कवींचीं नांवें मिळालीं. इव्हान फ्रांको व तारास शेव्हचेन्को हे युक्रेनचे. शोता रुस्तावेली हा जॉर्जियाचा मध्ययुगीन महाकवि. पुश्किन आणि लेर्मोन्तोव्ह हे रशियाचे. राज्यकर्त्यांचीं वा सेनापतींचीं नांवें बाजूस ठेवून पांच जहाजांना पांच कवि लाभावे, हा योग जगाच्या नौकानयनांत विरळाच म्हटला पाहिजे.

‘पुश्किन’ हें या पांचांतलें दुसरें. लांबी 176 मीटर, रुंदी 23 मीटरांहून थोडी अधिक, दोन डिझेल एंजिनें, वेग ताशीं 20 सागरी मैल, आणि सोय सुमारें 750 उतारूंची. परंतु या आंकड्यांपेक्षां महत्त्वाचे असे दोन गुण त्याच्या बांधणींत होते. लेनिनग्राड ज्या फिनलंडच्या आखाताच्या टोंकाशीं वसलें आहे तें आखात हिवाळ्यांत गोठतें. म्हणून बर्फाशीं टक्कर देतां यावी अशा बेतानें त्याचें कवच बळकट केलेलें होतें. हा एक गुण. दुसरा असा कीं, तें पाण्यांत खोल, सुमारें 8 मीटर, बुडून चालत असे आणि त्याची नाळ निमुळती होती. त्यामुळें अटलांटिकच्या खवळलेल्या पाण्यांतही तें आपला तोल सांभाळून वाट कापी. हे दोन गुण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील सर्व कथा त्यांच्याच आधारावर उभी आहे.

आतां त्याच्या धंद्याकडे वळूं. प्रवासी जहाजांच्या दोन जाती आहेत. एक फेरीचें जहाज: ठरलेल्या दिवशीं एका बंदरांतून निघावें आणि ठरलेल्या दिवशीं दुसऱ्या बंदरीं पोंचावें, हें त्याचें काम. दुसरें सहलीचें जहाज: त्याच्या उतारूला कोठें पोंचावयाचें नसतेंच, त्याला चार दिवस जहाजावर सुखानें राहून, वाटेंत चार बंदरें पाहून घरीं परतावयाचें असतें. ‘पुश्किन’ हें फेरीसाठीं बांधलें होतें. सन 1966 मध्यें त्यानें लेनिनग्राड ते कॅनडांतील माँट्रिआल अशी ये-जा सुरू केली.

परंतु हा आरंभच उशिरां झाला होता. सन 1958 च्या सुमारास अटलांटिक महासागर विमानानें ओलांडणारांची संख्या जहाजानें ओलांडणारांहून अधिक झाली. जें अंतर तोडावयास जहाजाला आठवडा लागे तें जेट विमान कांहीं तासांत तोडूं लागलें. पश्चिमेकडील कंपन्या या मार्गावरून काढता पाय घेत असतांना सोव्हिएट संघानें आपलें नवें जहाज तेथें घातलें, याचें कारण केवळ उतारूंची ने-आण हें नव्हतें. परकीय चलन हातीं यावें आणि आपला ध्वज पाश्चात्य बंदरांत दिसावा, हे दोन्ही लाभ सरकारला हवे होते. खासगी कंपनीला जो तोटा एका हंगामांतच असह्य होतो तो सरकार कित्येक वर्षें सोसूं शकतें. तरीसुद्धां काळाची गति थांबली नाहीं. ओस पडणाऱ्या हिवाळी दिवसांत जहाज सहलींवर धाडावें असें सुरू झालें, आणि हळूहळू सहली हाच मुख्य धंदा होऊन बसला. सन 1979 च्या अखेरीस सोव्हिएट सैन्य अफगाणिस्तानांत शिरल्यानंतर पश्चिमेकडे सोव्हिएट जहाजांविषयीं विरोध वाढला. पुढें ‘पुश्किन’ अतिपूर्वेकडील व्लादिव्होस्तोकच्या कंपनीकडे गेलें, आणि सन 1990 मध्यें सिंगापूर येथें नांगरून पडलें.

जहाज नांगरून पडणें ही त्याच्या आयुष्यांतली फार धोक्याची अवस्था होय. चालतें जहाज खर्च करितें, पण कमावतेंही. उभें जहाज नुसतेंच खातें. रंग उडतो, गंज चढतो, पहारेकऱ्यांचा पगार व बंदराचें भाडें चालूच राहतें. पुढच्याच वर्षीं सोव्हिएट संघ विसर्जन पावला, आणि ज्या राज्याच्या प्रतिष्ठेसाठीं हें जहाज बांधलें तें राज्यच उरलें नाहीं.

येथें त्याचे जन्मजात गुण उपयोगी पडले. सन 1991 मध्यें ‘ओरिएंट लाइन्स’ या नव्या कंपनीसाठीं तें विकत घेण्यांत आलें. दूरच्या व अवघड प्रदेशांत सहली न्याव्या, असा तिचा बेत होता. ग्रीसमध्यें नेऊन जहाजाचा अंतर्भाग जवळजवळ पूर्ण उतरविला, मागील बाजूचे मजले वाढविले, हेलिकॉप्टर उतरण्याची जागा केली, आणि सन 1993 मध्यें ‘मार्को पोलो’ या नांवानें तें पुन्हां समुद्रावर आलें. ज्या व्हेनिसच्या प्रवाशाच्या वृत्तांतांत आपल्या ठाण्याचाही उल्लेख येतो, त्याचेंच हें नांव. फिनलंडच्या बर्फासाठीं जें कवच जाड केलें होतें तें आतां दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकच्या हिमसागरांत उपयोगीं आलें. ज्यांनीं तें घडविलें त्यांच्या मनांत हा प्रवास बहुधा नव्हता; परंतु प्रामाणिकपणें केलेलें काम अनपेक्षित ठिकाणीं फळाला येतें तें असें.

या पुनर्बांधणीनंतर त्याचें टनेज सुमारें 22,000 झालें. हें टनेज म्हणजे जहाजाचें वजन नव्हे. त्याच्या आंतील बंदिस्त जागेचें तें माप आहे. सन 2009 मध्यें समुद्रावर आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’ या जहाजाचें टनेज 2,25,000 हून अधिक आहे, म्हणजे दसपट. अशा तरंगत्या नगरांपुढें ‘मार्को पोलो’ हें खेडें ठरलें. तरी त्याला गिऱ्हाईक होतें. ‘ओरिएंट लाइन्स’चा कारभार आटोपल्यावर कांहीं काळ तें एका जर्मन कंपनीकडे चाललें, आणि सन 2010 पासून इंग्लंडांतील टिल्बरी बंदरांतून एका ब्रिटिश कंपनीच्या सहली नेऊं लागलें. नॉर्वेच्या अरुंद खाड्यांत शिरणारें, ज्याच्या उघड्या मजल्यावरून लाट दिसते असें जुन्या घडणीचें जहाज हवें असणारा वयस्क उतारूवर्ग त्याला लाभला. त्याच वर्षीं प्रवासी जहाजांत ज्वालाग्राही सामग्री नको, हा आंतरराष्ट्रीय नियम पूर्णपणें लागू झाला. कित्येक जुनीं जहाजें या परीक्षेंत बाद झालीं. आंतून नवें झालेलें ‘मार्को पोलो’ तरलें.

मात्र सांगाडा बळकट असला म्हणजे सर्व साधलें, असें कोणीं समजूं नये. याच कुळांतलें ‘मिखाईल लेर्मोन्तोव्ह’ 16 फेब्रुवारी 1986 रोजीं न्यूझीलंडमध्यें केप जॅक्सनजवळ खडकांवर आदळलें आणि त्याच रात्रीं बुडालें. स्थानिक वाटाड्यानें त्याला उथळ वाटेनें नेलें होतें. सातशेंहून अधिक माणसें वांचलीं. जहाजावरील एक कामगार दगावला. खुद्द ‘मार्को पोलो’वर फेब्रुवारी 2014 मध्यें, टिल्बरीकडे परततांना, एका प्रचंड लाटेनें भोजनगृहाच्या कांचा फोडल्या आणि 85 वर्षांचा एक उतारू मृत्यु पावला. समुद्र जहाजाचें वय विचारीत नाहीं.

अखेर आली ती मात्र समुद्राकडून नव्हे. सन 2020 च्या महामारीनें जगांतील सहली एकाएकीं बंद पडल्या. जुलै महिन्यांत चालक कंपनीचें दिवाळें वाजलें आणि जहाज लिलावांत निघालें. ‘फ्रांको’, ‘शेव्हचेन्को’ व ‘रुस्तावेली’ हीं तीन भावंडें त्यापूर्वींच मोडून झालीं होतीं. जानेवारी 2021 मध्यें गुजराथेंतील भावनगर जिल्ह्यांत अलंग येथें ‘मार्को पोलो’ किनाऱ्यावर चढविलें गेलें.

सन 1983 पासून अलंग येथें जहाजें मोडण्याचा धंदा चालतो, तो खंबायतच्या आखाताच्या भरतीमुळें. येथें पाणी कित्येक मीटर चढतें. मोठ्या भरतीच्या वेळीं जहाज किनाऱ्याकडे हांकतात. ओहोटी लागली कीं तें चिखलांत उघडें पडतें, आणि गोदीवांचून तोडकाम सुरू होतें. पत्रे कापून गिरण्यांकडे जातात व त्यांच्या सळया होतात. पलंग, आरसे, भांडीं रस्त्याकडेच्या दुकानांत विकलीं जातात. हें काम करणारे मजूर ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून येतात. त्यांना कोसळत्या पत्र्यांचें, गॅसच्या स्फोटाचें आणि जुन्या जहाजांत सर्रास असणाऱ्या ॲस्बेस्टॉसचें भय असतें. या कामासाठीं भारतानें सन 2019 मध्यें कायदा केला, आणि सन 2009 चा हाँगकाँग करार जून 2025 मध्यें जगभर अंमलांत आला. त्या नियमांचें खरें मोल अलंगच्या किनाऱ्यावर, कापणाराच्या हातीं मशाल असतांना ठरावयाचें आहे.

‘पुश्किन’ निकामी झालें म्हणून मोडलें नाहीं. आदल्या हंगामापर्यंत तें चालतें होतें. त्याला तीनदां निकामी ठरविलें तें बाहेरच्या जगानें: एकदां विमानानें, एकदां राज्यक्रांतीनें, एकदां रोगानें. पहिल्या दोन वेळीं त्याच्या घडणीनें त्याला नवा धंदा मिळवून दिला. तिसऱ्या वेळीं तेवढा अवधि मिळाला नाहीं. ज्या कारागिरांनीं विस्मारच्या गोदींत त्याचे पत्रे जोडले आणि ज्या मजुरांनीं अलंगच्या चिखलांत ते कापले, त्यांची एकमेकांशीं भेट कधींच झाली नाहीं. परंतु त्या पोलादाची जाडी किती आहे, हें त्या दोघांइतकें दुसऱ्या कोणालाही कळलें नसेल.