शिर्डीची सहल नगरपर्यंत न्या, पोरांना रणगाडा दाखवा

उमरखेड : दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या शाळांच्या सहली ठरायला लागतात. शिर्डी, शनिशिंगणापूर हे बहुतेक सहलींचे ठरलेले मुक्काम. पण शिंगणापूरपासून तासाभराच्या वाटेवर अहिल्यानगरात (जुने अहमदनगर) लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे, तिकडे फार कमी गाड्या वळतात. रोज पहाटे रस्त्यावर धावून भरतीची तयारी करणारी पोरं आपल्या गावोगावी आहेत. त्यांनी तर हे ठिकाण पाहायलाच पाहिजे.

काय आहे तिथे?

लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने हे संग्रहालय उभारले. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते सुरू झाले. उघड्या मैदानात जुने रणगाडे आणि चिलखती गाड्या रांगेत उभ्या आहेत. रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी आहे, दुसऱ्या महायुद्धातले इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल आहेत. जपानचा छोटा हा-गो रणगाडा आहे. आपल्या देशात आवडीच्या कारखान्यात बनलेला 'विजयंता' आहे. आणि पाकिस्तानी सैन्याकडून हिसकावलेला अमेरिकन बनावटीचा पॅटनही आहे.

वजनाचा हिशोब आपल्या भाषेत सांगायचा तर जपानी हा-गो साधारण साडेसात टनांचा, म्हणजे आपल्याकडच्या जेसीबीएवढा. पॅटन मात्र सुमारे ४५ टनांचा. दोन टनांचा एक ट्रॅक्टर धरला तर बावीस ट्रॅक्टर एकावर एक रचल्यासारखे!

चेन कशासाठी?

रणगाड्याला चाकावरून पोकलेनसारखी चेन असते. एवढे वजन टायरवर पडले तर गाडी जमिनीत घुसेल. चेनमुळे वजन लांब-रुंद जागेवर पसरते आणि रणगाडा शेतातूनही चालतो. पण पाणी भरलेल्या रानात चेनचेही काही चालत नाही. हे आपल्याला सांगायला नको, ओल्या काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर कोणी पाहिला नाही?

१९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी नेमके हेच झाले. पॅटन घेऊन पाकिस्तानी सैन्य पुढे येत होते. आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी रानात सोडले आणि उसाच्या आड रणगाडे, तोफा लपवून ठेवल्या. पॅटन चिखलात रुतले आणि उसाआडून त्यांच्यावर मारा झाला. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे नव्वदपेक्षा जास्त रणगाडे नष्ट झाले किंवा पकडले गेले. मी स्वतः ऊस लावतो, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते. तिथेही कुणाचे तरी उभे पीक त्या लढाईत गेलेच असेल.

याच लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक पॅटन उडवले. १० सप्टेंबरला ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते मोठे अधिकारी नव्हते, उत्तर प्रदेशातल्या एका शिंप्याच्या घरातले होते.

या लढाईत डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची पलटणही होती. तिचे मूळ निजामाच्या काळातल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात आहे. त्या फौजेची एक छावणी पैनगंगेपलीकडे हिंगोलीत होती. म्हणजे हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही.

जाण्याआधी एवढे करा

• हा लष्करी भाग आहे. वेळ, सुट्टी आणि तिकीट याची आधी चौकशी करा. आधार कार्ड जवळ ठेवा.
• फोटो काढण्याआधी तिथल्या जवानाला विचारा. रणगाड्यावर चढू नका.
• प्रत्येक रणगाड्याजवळचा फलक पोरांना मोठ्याने वाचायला लावा. नुसती सेल्फी काढून परत आले तर काही हाती लागत नाही.
• शालेय सहलीला एसटीची भाड्यात सवलत असते. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन उमरखेड आगारात विचारा.

नगर लांब वाटत असेल तर नागपूरचा सीताबर्डी किल्ला आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज तिथे लढले. हा किल्ला आजही लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच तो लोकांना पाहायला मिळतो, म्हणून निघण्याआधी खात्री करून घ्यावी.

मोबाईलवर रणगाड्याच्या रील रोज दिसतात. त्यात गाणं असतं, धूर असतो, पण आत बसलेला माणूस दिसत नाही. नगरला पॅटनसमोर उभे राहिले की त्याच्या आत बसणाऱ्यांना किती कमी जागा होती आणि बाहेरून गोळा लागल्यावर त्यांचे काय होत असेल, ते समजते. भरतीला निघालेल्या पोराने आणि त्याच्या आईबापाने हे एकदा बघून यावे. मग त्याने जरूर धावावे, पण आपण कशासाठी धावतो हे कळून धावावे.