विडा रंगतो कसा

बनारसी पान बनारसात पिकत नाही. तिथल्या पान दरीब्यात, म्हणजे पानांच्या घाऊक बाजारात, कोणालाही विचारा, कबूल करतील. पान येतं बिहारमधून, गया-नवादा-औरंगाबादकडून. नाव मगही. त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2023 मध्ये बनारसी पानालाही मिळालं. एक मानांकन मळ्याचं, दुसरं हाताचं.

हा हात पाहायचा तर बंद खोल्यांत डोकवावं लागतं. हिरवी पानं टोपल्यांत रचून कोळशाच्या मंद धगीवर ठेवतात, काढून निवू देतात, डागाळलेली वेचून टाकतात आणि पुन्हा धगीला लावतात. याला म्हणतात 'पान पकाना'. उष्णतेने हरितद्रव्य मोडतं, खालचा पिवळा रंग उघडा पडतो, हिरवट उग्रपणा उतरतो, शिरा मऊ होतात. असं पिवळं पडलेलं पान माझ्यापुढे धरून दुकानदार म्हणाला, "मुँह में घुल जाई." आणि खरंच, चोथा जवळजवळ उरला नाही.

खरी कारागिरी मात्र काथात. सावर्डे-चिपळूणकडे खैराच्या लाकडाचा काथ कढताना पाहिलेल्यांना तो काळपट, कडक आणि जीभ आखडवणारा म्हणून ठाऊक असतो. इथे तोच काथ भिजवतात, उकळतात, गाळतात, मग जाड फडक्यात बांधून वर वजन ठेवतात. तांबूस पाणी निथळत राहतं. फडकं सोडलं की आत लोण्यासारखा मऊ, फिकट गोळा.

या फडक्यात काय घडतं? काथात मुख्यतः दोन द्रव्यं: कॅटेचिन आणि टॅनिन. कॅटेचिन गार पाण्यात फारसं विरघळत नाही, टॅनिन सहज विरघळतं. म्हणजे पाण्याबरोबर जातो तो तुरटपणा आणि मागे राहतो तो रंगाचा कच्चा माल. काही जण काथात दूधही घालतात. दुधातलं केसीन उरलंसुरलं टॅनिन धरून ठेवतं. कोरा चहा तुरट लागतो आणि दुधाचा लागत नाही, त्याचं कारण हेच. तुरट ही मुळात जिभेवरच्या रुचिकलिकांची चव नाहीच म्हणा ना. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतं, तोंडातलं वंगण जातं आणि जीभ टाळूला घासू लागते. आपण त्या घासण्याला चव म्हणतो.

आता मांडणी बघा: पान पिवळट, काथ फिकट, चुना पांढरा. लाल काहीच नाही. चुन्याच्या अल्कलीत कॅटेचिन हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लाल रंग उतरतो. सुपारीतली टॅनिनंही त्यात हातभार लावतात. चुना जास्त झाला तर गाल सोलून निघतो. कमी पडला तर विडा रंगत नाही. दुकानदाराकडे वजनकाटा नव्हता. बोटाचा अंदाज, बस्स. चुन्यावर पाणी मात्र कायम ठेवलेलं, कारण उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा निव्वळ खडू होतो.

लवंगेतलं युजेनॉल नागवेलीच्या पानातही असतं. दाताचे डॉक्टर दुखऱ्या दातावर वापरतात तेच. म्हणून पहिल्या चघळण्याला ऊब आणि मग किंचित बधिरपणा. पिपरमिंटातलं मेंथॉल तोंड गार करत नाही, थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना फसवतं. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशाच ग्राहींच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्देम पटापौटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

इथवर सगळं कौतुकाचं. पण चुना आणखी एक काम करतो, ते मला कोणत्याही गादीवर कोणी सांगितलं नाही. सुपारीत अरेकोलिन असतं. चुन्यामुळे ते गालाच्या आतल्या त्वचेतून सहज पार होणाऱ्या रूपात येतं आणि रक्तात शिरतं. अंगात उष्णता, कपाळावर घाम, हलकीशी तरतरी येते ती यामुळे. हेच द्रव्य गालाखालच्या पेशींना नको तितके तंतू विणायला लावतं. गाल आखडतात, तोंड उघडेनासं होतं. भारतात या विकाराचं वर्णन 1953 साली मुंबईच्या डॉ. जोशींनी केलं. तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला. मुंबईच्या टाटा मेमोरियलचं मोठं कॅन्सर केंद्र 2019 पासून याच शहरात, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात आहे.

पिकवलेलं पान, धुतलेला काथ, वेलची, लवंग, गुलकंद एवढ्यावर विडा उत्तम जमतो. सुपारी-तंबाखू नको म्हटलं की दुकानदार थोडा नाराज होतो, होऊ द्या. आणि रोज सुपारी खात असाल तर आज आरशासमोर उभे राहा: स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जात नसतील, तर दाताच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.