फुकट घेतलं, परत काय दिलं?

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. धडधाकट असूनही जुनी मशिनं विंडोज ११ला चालेनात, कारण त्यांतल्या अनेकांत टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक नाही. मग माणगावपासून मुंबईपर्यंत सल्ला एकच: 'लिनक्स टाकून घ्या.' पाठोपाठ 'स्वदेशी' प्रणालीचा गजर आलाच. सी-डॅकची बॉस २००७ची, डेबियन या लिनक्सवर बेतलेली. संरक्षण मंत्रालयाची माया २०२३ची, उबुंटूवर. आणि उबुंटू पुन्हा डेबियनवरच. घराणं एकच.

या घराण्यात कोड फिरतो कसा, ते उबुंटू २४.०४मधल्या, दूरच्या मशिनशी सुरक्षित जोडणाऱ्या ओपनएसएसएचच्या क्रमांकात वाचता येतं: ९.६पी१-३उबुंटू१३. '९.६' हे ओपनबीएसडी या प्रकल्पाचं मूळ काम. 'पी१' म्हणजे लिनक्ससारख्या इतर प्रणालींवर चालेल असं त्याचं रूप. '३' हा डेबियनचा हात, '१३' हा उबुंटूचा. खाली, म्हणजे डेबियन-उबुंटूत, केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाने स्वीकारली, तर पुढच्या आवृत्तीत सगळ्यांनाच आयती मिळते. स्वतःजवळ ठेवली, तर दर आवृत्तीवर ती पुन्हा बसवत बसा. शिवाय तपासणारे डोळे कमी.

ते किती महागात पडतं? २००६मध्ये डेबियनमध्ये सुरक्षा-किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलच्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. तपासणीचं साधन त्यांवर इशारे देत होतं, एवढंच निमित्त. मूळ प्रकल्पाकडे त्रोटक विचारणा झाली, पण बदल रीतसर तपासायला गेला नाही. सुरक्षा-किल्ल्यांचा यादृच्छिकपणा नेमका त्यांतल्या एका ओळीतून येत होता. तो गेल्यावर किल्ली ठरू लागली प्रोसेसच्या क्रमांकावरून, आणि असे क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८. एवढ्या किल्ल्या तर आधीच बनवून ठेवता येतात! मे २००८मध्ये लुचियानो बेल्लो यांचा शोध जाहीर होईपर्यंत डेबियन आणि तिच्यावर बेतलेली उबुंटू अशाच किल्ल्या पाडत होत्या.

याउलट पुण्याचं उदाहरण. रेड हॅटच्या तिथल्या चमूने सांभाळलेले लोहित फॉन्ट फेडोरा या लिनक्समध्ये आहेत, तसे डेबियनमध्येही. 'दऱ्या'मधला अर्धा ऱ मुळात नीट बसवला, की दोन्हीकडे नीट दिसतो.

म्हणून 'स्वदेशी' ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: मूळ प्रकल्पाकडे किती दुरुस्त्या परत गेल्या? परवान्याची तशी सक्ती नाही. जीपीएल म्हणते, ज्याला प्रणाली द्याल त्याला कोडही द्या. बीएसडी तेवढंही मागत नाही. पण नवं नाव आणि नवा वॉलपेपर यांना स्वावलंबन म्हणायचं का?

माणगाव तालुक्यातच, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाऐवजी मूळ प्रकल्पाने स्वीकारलेली एक दुरुस्ती चालेल, असं तिथे ठरवून पाहावं. बाइंडिंग करून कपाटात जाणाऱ्या अहवालापेक्षा ती चार ओळींची दुरुस्ती जास्त मशिनांवर पोहोचेल. आणि परीक्षकही खमका मिळेल. डेबियनवाले वशिल्याने काही स्वीकारत नाहीत.