कातीव : लाकडी वाडग्याच्या आकाराविषयी

मूर्तीचे नाक, नर्तकीचा बांधा किंवा एखाद्या कवीची ओळ फार रेखीव वाटली की मराठी समीक्षक 'कातीव' हा शब्द वापरतो. तो वापरताना त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा छिन्नी असते. पण छिन्नीने घडते ते कोरीव. कातीव म्हणजे कातलेले, फिरत्या लाकडाला धार टेकवून उतरवलेले. कोरणारा स्थिर वस्तूभोवती हत्यार हलवतो. कातणाऱ्याचे हत्यार जवळजवळ एका जागी असते आणि वस्तूच त्याच्यापुढे फिरत राहते. हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी असा स्वतंत्र शब्द आहे. आज तो बऱ्याच ठिकाणी आडनावापुरता उरला आहे.

आमच्या बोदवडकडे, कापसाच्या मुलखात, कातणे म्हटले की आधी सूतच आठवते. गंमत म्हणजे संस्कृतातही 'कृत्' या एकाच रूपाचे दोन धातू आहेत, एकाचा अर्थ कापणे आणि दुसऱ्याचा सूत कातणे. लाकूड कातताना दोन्ही गोष्टी एकदम घडतात. लाकूड चातीसारखे फिरते आणि धारेखालून लांब, ओलसर, वेटोळी ढलपी सुतासारखी निघत राहते.

खान्देशातल्या जुन्या घरात कातलेल्या वस्तू शोधायच्या तर लाटणे, रवी, बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, पोरांचा भोवरा एवढ्या सहज सापडतील. या सगळ्यांमध्ये एक साम्य आहे. त्या दोन टोकांमध्ये धरून बाहेरून कातता येतात. पोकळ लाकडी भांडे म्हणाल तर भाकरीचे पीठ मळायची काठवट, आणि ती कातलेली नसते. ओंडक्यात वाकसाने कोरलेली असते, आणि तिच्या पोटात वाकसाचे घाव हाताला लागतात. कातलेला वाडगा मात्र आपल्या स्वयंपाकघरात फारसा रुळला नाही. तो आता प्रदर्शनांतून, शहरी दुकानांतून आपल्याकडे येतो आहे. म्हणूनच तो कसा होतो, आणि विकत घेतलेला वाडगा पुढच्या चैत्रात का तडकतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

जुने यंत्र साधे होते. समोरासमोर दोन खुंट, त्यांत लोखंडी टोके, टोकांमध्ये लाकूड आणि लाकडाला दोरीचा किंवा वादीचा वेढा. दोरी ओढली की लाकूड एकीकडे फिरते, दुसऱ्या बाजूने ओढली की उलटे. धार लागते ती लाकूड कारागिराकडे येत असतानाच. परतीच्या फेऱ्यात पटाशी किंचित मागे घ्यायची. म्हणजे निम्मी फिरत वाया जाते, पण त्या विश्रांतीत पाहायला वेळ मिळतो. या यंत्राचा एक फार जुना उल्लेख पाली वाङ्मयात आहे. सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे कसे लक्ष द्यावे हे सांगताना कातारी आणि त्याचा शिकाऊ शिष्य यांचा दाखला दिला आहे. कुशल कातारी लांब ओढ घेतो तेव्हा लांब ओढ घेतो आहे हे जाणतो, आखूड घेतो तेव्हा आखूड हे जाणतो. दोरीवर चालणारे यंत्र रोज पाहिलेल्या श्रोत्यांनाच ही उपमा कळली असणार.

पुराणकारांनाही हे यंत्र परिचयाचे होते. सूर्याचे तेज संज्ञेला सोसेना, तेव्हा तिच्या पित्याने, विश्वकर्म्याने, सूर्याला भ्रमीवर चढवून त्याचे तेज कातून कमी केले, आणि उतरलेल्या तेजातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ अशी आयुधे घडवली, ही कथा मार्कंडेय पुराणात आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात, अवंतीच्या राजाचे रूप सांगताना कालिदासाने हीच प्रतिमा वापरली. कथेत मला आवडते ते हे की विश्वकर्म्याने ढलप्यासुद्धा फुकट घालवल्या नाहीत. वाडग्यात मात्र निम्म्याहून जास्त लाकूड ढलप्यांतच जाते.

दोरीच्या यंत्रावर वाडगा होत नाही असे नाही. मधोमध एक खुंटा शिल्लक ठेवून त्याच्याभोवती आकड्यासारख्या वळलेल्या पात्याने पोकळी काढायची आणि शेवटी तो खुंटा तोडायचा, अशी जुनी रीत युरोपात होती. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा रस्ता आहे. त्याचे नाव पेले करणाऱ्यांवरून पडले असे मानतात, आणि तिथल्या उत्खननात असे तोडलेले खुंटे मिळालेही. आपल्याकडे पोकळ कातकामाची परंपरा पाहायची तर सावंतवाडीला जावे लागते. तिथल्या चितारआळीत करंडे, डबे, पोळपाट-लाटण्याचे खेळ आणि रंगवलेली फळे होतात. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड, त्यावर लाखेचा रंग. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, आणि केवड्याच्या पानाने घोटली की चकाकते. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात आसरा दिला म्हणून हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तग धरून राहिले.

आता वाडगा. विजेच्या लेथवर लाकूड एकाच दिशेने फिरते आणि एकाच बाजूने धरता येते, त्यामुळे दुसरी बाजू पोकळ करायला मोकळी मिळते. लाकडाची आपल्याकडे वाण नाही. सातपुड्यातला हळदू पिवळसर आणि एकसारख्या पोताचा, कातायला फार गोड. शिवण हलकी आणि कमी आकसणारी. अंजन इतके जड की पाण्यात बुडते, आणि पटाशीची धार बघता बघता खाते. पण जंगलातच जायला हवे असे नाही. वादळात किंवा रस्तारुंदीकरणात पडलेले निंब, बाभळी, चिंचा वखारीत जळाऊ म्हणून तोलून जातात. चिंचेच्या म्हाताऱ्या गाभ्यातला काळपट जांभळा रंग एकदा पाहिला की तो चुलीत घालवत नाही.

ओंडका उभा मधोमध चिरतात आणि अगदी मधला गर्भ काढून टाकतात, कारण तडे तिथूनच निघतात. उरलेल्या अर्ध्या भागातून वाडगा काढला की लाकडाचे तंतू वाडग्याच्या तोंडावरून आडवे जातात. पुढची सगळी अडचण या आडवेपणात आहे. एका फेरीत पटाशीला दोनदा तंतूंची बाजू लागते आणि दोनदा त्यांची कापलेली टोके. वेगही ध्यानात घ्या. १० इंच व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने धारेसमोरून जाते.

कडब्याची पेंढी विळ्याने कापताना ताटे मागून धरलेली असली की साफ कापली जातात, सुटी असली की वाकतात आणि चिंधाळतात. तंतूंचेही तसेच. म्हणून बाहेरून कातताना बुडाकडून कडेकडे, लहान घेराकडून मोठ्या घेराकडे जायचे. आतून कातताना उलट, कडेकडून तळाच्या मध्याकडे. असे केले की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूला मागे दुसऱ्या तंतूंचा आधार राहतो. उलट गेले की समोरासमोरच्या दोन जागी लाकूड उचकटते, आणि ती खरबरीत जागा पॉलिश पेपर कितीही घासला तरी पूर्ण जात नाही.

पटाशी पन्हाळीसारख्या खोलगट पात्याची असते. धारेमागच्या उताराची पाठ आधी लाकडावर टेकवायची. ती नुसती घासली जाते, कापत नाही. मग मूठ हळूहळू उचलायची, की धार लाकडाला शिवते आणि ढलपी निघू लागते. पाठ सुटून नुसते टोक लाकडात घुसले तर पटाशी हिसकली जाते आणि वाडगा फुटूही शकतो. म्हणून तोंडावर जाळी किंवा काच असावीच.

पण पहिल्याच दिवशी वाडगा पुरा करायचा नसतो. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळीत मोकळे आणि पेशींच्या भिंतींत मुरलेले. मोकळे पाणी गेल्याने लाकूड आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींतले पाणी सुटते आणि आकसणे सुरू होते. तेही सगळीकडे सारखे नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ शून्य, गाभ्याकडून सालीकडे थोडे, आणि वर्षवलयांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे आज गोल कातलेला वाडगा सुकल्यावर लंबगोल होतो. सहा टक्के आकसणाऱ्या लाकडाचा १० इंची वाडगा आडव्या अंगाने अर्ध्या इंचाहून जास्त गमावतो. म्हणून पहिल्या कातणीत भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी जाड ठेवतात, १० इंचाला १ इंच. मग वाडगा बाजूला ठेवायचा.

जळगाव जिल्ह्यात हे ठेवणेच अवघड. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. बाहेरचा थर झपाट्याने सुकतो, आकसतो, पण आत अजून ओले लाकूड फुगलेले असते. बाहेरच्याला मग फाटण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून इकडे पहिली कातणी दिवाळी ते संक्रांत या दिवसांत उरकावी. वाडगा त्याच्याच ढलप्यांसह गोणपाटात गुंडाळून मातीच्या भिंतीच्या खोलीत, वाऱ्यापासून दूर ठेवावा. बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहावे आणि अधूनमधून तोलत राहावे. लागोपाठ दोन-तीनदा वजन सारखेच आले की लाकूड हवेशी जुळले. याला सहा महिने लागतात किंवा वर्षही. माझ्या मते एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिलेलेच लाकूड विश्वासाचे.

या वर्षाचे पैसे कोणी देत नाही, हीच खरी गोम आहे. स्टीलचा वाडगा बाजारात तयार असतो. कारागिराचे भांडवल कोपऱ्यात गोणपाटाखाली सुकत पडते आणि गिऱ्हाईक ढलप्यांचे किंवा थांबण्याचे मोल मोजत नाही. मग ओलेच लाकूड एका दमात पातळ कातून, तेल चोपडून विकले जाते. दुकानात ते सुंदर दिसते. पुढच्या एप्रिलात ते तडकते, आणि दोष निंबाला किंवा चिंचेला लागतो.

दुसऱ्या कातणीत लंबगोल पुन्हा गोल होतो आणि खरा आकार ठरतो. इथे माप कमी आणि हात-कान जास्त. लेथ थांबवून भिंत अंगठा आणि मधल्या बोटात धरून कडेपासून तळापर्यंत न्यावी. मध्येच जाडी वाढली तर बोटे अडखळतात. टिचकीचा आवाज भिंत पातळ होत जाईल तसा बदलतो. बाजूने दिवा धरला की वक्रातला उंचवटा लगेच उघडा पडतो. बहुतेक नवशिके तळाशी चुकतात. भिंत उतरत येते आणि तळ सपाट करण्याच्या नादात कोपरा पडतो. आतला वक्र कडेपासून मध्यापर्यंत एकाच झोकात जायला हवा, बाहेरचाही त्याला समांतर. बुडाची बैठक जरा लहान ठेवली की वाडगा उचलल्यासारखा दिसतो. शेवटी १२० पासून ४०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर, वेग कमी करून. लाकडाची धूळ फुप्फुसांना वाईट, नाकावर फडके किंवा मास्क हवाच.

तेलाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. खान्देशात शेंगदाण्याचे आणि तिळाचे तेल घरचेच, म्हणून तेच चोळले जाते. ही तेले लाकडात सुकत नाहीत. काही दिवसांनी खवट वास येतो आणि धूळ चिकटते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याचा पातळ, कडक थर बसतो. खाण्याच्या भांड्याला घाण्यावरचे शुद्ध जवस तेलच घ्यावे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या जवसाच्या तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असू शकतात. पातळ हात देऊन, पुसून, आठवडाभर सुकू द्यावे, मग दुसरा हात. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवाव्यात.

वापरात आल्यावर पहिल्या धुण्यात तंतू उभे राहतात, ते बारीक पेपरने एकदा मारून घेतले की पुन्हा फारसे उठत नाहीत. वाडगा पाण्यात भिजत ठेवू नये, उन्हात वाळवू नये. एवढे करूनही दोन-तीन उन्हाळ्यांत तो पुन्हा किंचित लंबगोल होतोच. पाहून ते कळत नाही. कडेवरून अंगठा फिरवला की कळते.