'जगप्रसिद्ध संशोधक' खरा कसा ओळखायचा? महाडच्या डॉक्टरांचं उदाहरण बघा

'अमुक शास्त्रज्ञांचे शेकडो शोधनिबंध, जगात नाव' असं लिहिलेला मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली कुठलं तरी औषध किंवा काढा सुचवलेला असतो. निबंध किती, यावर विश्वास ठेवायचा का? समजून घेऊ.

सायटेशन म्हणजे काय?

डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ नवं काही शोधतात, तेव्हा ते वैद्यकीय नियतकालिकात छापतात. छापण्याआधी चांगली नियतकालिकं त्याच विषयातल्या इतर जाणकारांकडून निबंध तपासून घेतात. पुढे दुसरा कुणी आपल्या लेखात त्या निबंधाचा दाखला देतो. त्या दाखल्याला म्हणतात सायटेशन. 'एच-इंडेक्स' नावाचा आकडाही यावरूनच निघतो. एखाद्याच्या 10 निबंधांना प्रत्येकी निदान 10 दाखले मिळाले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स 10.

बिरवाडीतून 'लॅन्सेट'पर्यंत

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेले रुग्ण यायचे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी होऊन माणूस दगावायचा. डॉक्टर रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवत. विंचवाचं विष हृदयावर कसा घाला घालतं, हे त्यांनी 1982 मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात मांडलं. मग रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं. तो निबंध 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला.

आधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत पंचवीस-तीस जण जायचे. वेळेत प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचं त्यांच्या लेखांत नोंदलं आहे. इतर डॉक्टरांनीही हे औषध वापरून आपापले अनुभव छापले.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 70 रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाच्या विषावरची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले पहिल्या गटातले 35 पैकी 8, दुसऱ्या गटातले 35 पैकी 32. म्हणजे आपल्याच औषधापेक्षा चांगला उपाय आहे, हे त्यांनी स्वतः 2011 मध्ये 'बीएमजे'त छापलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आकडा फसवतो कुठे?

1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध आला. गोवराच्या एमएमआर लसीचा संबंध त्यात स्वमग्नतेशी जोडला होता. रुग्ण किती? फक्त 12 मुलं. निबंध खोटा निघाला, 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. तरी त्याला भरपूर दाखले आहेत, कारण अनेकांनी तो चूक आहे हे सांगायलाच त्याचं नाव घेतलं. मधल्या काळात घाबरून लोकांनी मुलांना लस दिली नाही.

उलटही होतं. कर्करोगावर जगभर हजारो जण लिहितात, म्हणून तिथे दाखले जास्त. विंचू चावतो शेतात, गोठ्यात, जांभ्याच्या भिंतीजवळ, गरिबाला. त्यावर लिहिणारेच थोडे, मग दाखलेही कमी. म्हणून ते काम लहान ठरत नाही.

मेसेज आला तर हे चार प्रश्न विचारा

- निबंध कुठे छापला?
- किती रुग्णांवर तपासलं?
- दुसऱ्यांनाही तोच गुण आला का?
- निबंध नंतर मागे तर घेतला नाही ना?

'पबमेड' या मोफत संकेतस्थळावर इंग्रजीत नाव टाकलं की डॉक्टरांचे निबंध दिसतात. मागे घेतलेल्या निबंधावर तशी सूचनाही असते. गावातल्या शिकणाऱ्या पोराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि विंचू चावून घाम, उलटी सुरू झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उतारा करत बसू नका. प्राझोसिन घरी आपल्या मनाने देऊ नका, त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. 108 ला फोन करा, थेट दवाखाना गाठा.