पाय पिल्लाचे, दुखणे खोक्याचे
परसातली कोंबडी : लेखांक ९

पिल्लू लंगडू लागले की घरातले सगळे त्याच्या पायाकडे धावतात. कुणी तेल-हळद चोळतो, कुणी आगकाडीची खपची बांधतो, कुणी घरातल्या म्हाताऱ्यांसाठी आणलेले कॅल्शियमचे औषध चमच्याने पाजतो. हेतू चांगलाच असतो, फक्त शोध चुकीच्या जागी चाललेला असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाचे पाय जातात, तेव्हा कारण बहुतेक वेळा पायाखालच्या जमिनीत किंवा पुढ्यातल्या ताटलीत सापडते. पाय ही फक्त ते दिसण्याची जागा. वाढत्या पिल्लाचे सारे वजन दोन बारीक नडग्यांवर आणि त्यांना चालवणाऱ्या नसांवर असते, त्यामुळे काही कमी पडले की आधी तिथेच कळते.

याचा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा जावा बेटावरचा आहे. ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी रोगाचे जंतू शोधत होता. १८९० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या पायांतून लुळ्या पडू लागल्या. जंतूच असणार म्हणून त्याने आजारी कोंबड्यांच्या अंगातले द्रव्य धडधाकट कोंबड्यांना टोचले. टोचलेल्या आजारी पडल्या, पण न टोचलेल्याही पडल्या. मग काही महिन्यांनी एकाएकी सगळ्या बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले ते असे : मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा तांदूळ नागरी कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा कोंडा न काढलेला तांदूळ आला. एका आचाऱ्याच्या हट्टाने वैद्यकाला दिशा दिली म्हणायची! आइकमानला तरीही बरीच वर्षे वाटत राहिले की पांढऱ्या तांदळात काही विष असावे. ते विष नसून कोंड्याबरोबर निघून गेलेल्या कशाची तरी उणीव आहे, हे त्याचा सहकारी खेरिट ख्रेन्स याने १९०१ मध्ये मांडले. पुढे त्या वस्तूला ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले आणि १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमानचा वाटा ठरला.

ही कथा कोल्हापूरकरांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे पिल्लाचे पहिले अन्न म्हणजे तांदळाची कणी. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा हा भातपट्टा. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाची कणी स्वस्त पडते आणि पिल्लाच्या चोचीत सहज मावते. पण तिच्यात पिष्टाखेरीज फारसे काही उरलेले नसते. ब-१ कोंड्यात गेलेले, ब-२ मुळातच थोडे, चुना नगण्य. ब-२ कमी पडले की पायाच्या नसा सुजतात, बोटे आत मुठीसारखी वळतात आणि पिल्लू टाचेवर सरकत चालते. (ज्याला आपण कोंबडीचा मागे वाकणारा गुडघा म्हणतो, ती खरे तर तिची टाच. गुडघा वर पिसांत दडलेला असतो.) मॅंगेनीज किंवा कोलीन कमी पडले तर हाच सांधा सुजतो, मागची शीर खोबणीतून घसरते आणि पाय बाजूला वळतो. ड जीवनसत्त्व, चुना किंवा फॉस्फरस यांचा मेळ बिघडला की हाडे आणि चोचसुद्धा रबरासारखी मऊ होतात. तिन्ही पिल्ले लांबून लंगडीच दिसतात, म्हणून हातात घेऊन बोटे, टाच आणि चोच चाचपल्याशिवाय उपचार ठरवू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : आमच्या आजीने आयुष्यभर कणीच घातली, तिची पिल्ले कधी लंगडली नाहीत. आक्षेप खरा आहे, पण आजीची पिल्ले कणीवर जगत नव्हती. खुडूक कोंबडी त्यांना उकिरड्यावर नेई, शेण विसकटून किडे दाखवी, कोवळे गवत टोचायला शिकवी, उन्हात फिरवी. कणी हे वरचे खाणे होते. आज एक दिवसाचे पिल्लू उबवणी केंद्रातून किंवा बाजारातून येते ते आईविना. कोल्हापुरात पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, त्यामुळे अशी पिल्ले घेणे आपल्याकडे नवलाचे नाही. ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, बल्बखाली वाढतात. कणी तीच राहिली, उकिरडा मात्र गेला. शिवाय गिरिराज, वनराज या सुधारित जाती देशी पिल्लांपेक्षा भराभर वजन धरतात, त्यामुळे उणीव त्यांच्या पायांत आधी उमटते.

ऊन हा तर आपल्याकडे वेगळाच प्रश्न. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या तालुक्यांत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पुरेल असे अनेकांना वाटते, पण ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व बनते ते काच अडवते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२० च्या दशकात बंदिस्त पिल्लांच्या पायांच्या अशक्तपणावर काम झाले, तेव्हा कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि उघडे ऊन हेच उपाय ठरले होते. पावसाळी पिल्लांना म्हणून ड जीवनसत्त्व मिसळलेले तयार चिक स्टार्टर खाद्य देणे हा चोचला समजू नये.

आता कॅल्शियमच्या बाटलीबद्दल. हाडे मऊ म्हणजे चुना द्या, हा तर्क सरळ वाटतो आणि म्हणूनच घातक आहे. पिल्लाच्या खाद्यात साधारण १ टक्का चुना पुरतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात तो साडेतीन ते चार टक्के असतो. तेच खाद्य पिल्लांना घातले, किंवा वरून चुना ओतला, तर मूत्रपिंडे बिघडतात आणि मॅंगेनीज अंगी लागत नाही, म्हणजे दुसऱ्या वाटेने पुन्हा पायच जातात. उणीव कशाची हे न पाहता एकच बाटली पाजणे हे औषध नव्हे, जुगार आहे.

पट्टी बांधून बरी होणारी पिल्ले असतातच की, असे कुणी म्हणेल. असतात. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन्ही पाय बाजूला फाकले असतील, म्हणजे पिल्लू फेंगडे झाले असेल, तर पट्टीसारखा उपाय नाही. मऊ चिकटपट्टीची अरुंद फीत घेऊन दोन्ही पाय अंगाच्या रुंदीइतक्या, म्हणजे सुमारे एक इंचाच्या अंतरावर टाचेच्या खाली बांधावेत. पट्टी रोज सोडून पाहावी, कारण पिल्लू दिवसागणिक वाढते आणि कालची सैल पट्टी आज काचते. दोन ते चार दिवसांत फरक दिसतो. आठवडा उलटल्यावर आशा कमी. पण इथेही मूळ कारण बहुधा खोक्यातच सापडते : गुळगुळीत वर्तमानपत्र किंवा फरशी. त्यावर पाय ठरत नाहीत. तळाशी खरखरीत गोणपाट किंवा भाताचे कोरडे तूस असेल तर शेजारच्या पिल्लांना पट्टी लागणार नाही. पाऊस लागला की तूस ओले होते, ते रोज हलवावे, ओला भाग काढून टाकावा.

एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. सगळीच लंगडी पिल्ले उणिवेची नसतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, पाय लुळे करतो. पण त्यात मान वळते, धाप लागते, हिरवट पातळ विष्ठा होते आणि एकामागून एक पक्षी पडतात. मॅरेक्स रोगात एक पाय पुढे, एक मागे अशी फाकलेली बैठक दिसते, तीही बहुधा महिना-दीड महिना उलटल्यावर. यावर उपचार नाही. लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचावी लागते, म्हणून बाजारातली रंगवलेली पिल्ले घेताना लसीची चौकशी जरूर करावी. एकाहून अधिक पक्षी पडले तर घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

दोन-चार दहाच्या नोटांच्या पिल्लासाठी एवढा खटाटोप कशाला, हा शेवटचा प्रश्न. हिशेब एका पिल्लाचा धरला तर प्रश्न योग्य आहे. पण तीच ताटली आणि तोच तळ खोक्यातल्या उरलेल्या सगळ्या पिल्लांचाही असतो. लंगडे पिल्लू वेगळ्या डालग्याखाली ठेवावे म्हणजे बाकीची त्याला टोचणार नाहीत, दाणा-पाणी त्याच्या चोचीच्या उंचीवर ठेवावे, पाण्यात कोंबड्यांसाठीचे ब-जीवनसत्त्वाचे औषध वेष्टनावरच्या प्रमाणात घालावे आणि त्याच दिवशी सगळ्या खोक्याचे खाद्य बदलावे. बोटे वळून दोन-तीन दिवसच झाले असतील तर पिल्लू पुष्कळदा उभे राहते. शीर पूर्ण घसरलेले पिल्लू क्वचितच सुधारते, आणि ते खाईना-पिईना झाले तर त्याला रखडत ठेवणे ही दया नाही. तो निर्णय पशुवैद्याला विचारून घ्यावा.

पुढच्या लेखांकात पहिल्या आठ आठवड्यांच्या लसी. तोवर आपल्या खोक्याचा तळ एकदा हाताने चाचपून पाहा.